दीर्घिका दुर्बिणीतून दिसतातच, मग महासमूह अभ्यासायला क्ष-किरण आणि रेडिओ लहरी कशाला लागतात?

तुम्ही विचारलंय की दृश्य प्रकाशात दीर्घिका मोजता येतात, तर एवढा खटाटोप कशासाठी. मी याच प्रकारच्या निरीक्षणांवर काम करतो, म्हणून सांगतो: महासमूह म्हणजे अनेक दीर्घिकासमूहांचा मिळून बनलेला प्रचंड समूह, आणि त्यातल्या दीर्घिका मोजून त्याची अर्धीही गोष्ट कळत नाही.

एका दीर्घिकासमूहात सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या कितीतरी पट जास्त वायू दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला असतो. त्याचं तापमान 1 ते 10 कोटी अंश. इतका तापलेला वायू दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसतच नाही, तो क्ष-किरणांत झळकतो. आणि ही चमक घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याचा मोठा फायदा असा की एकाच रेषेत मागेपुढे असलेल्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दीर्घिका आकाशात गर्दी केल्यासारख्या दिसल्या, तरी क्ष-किरणांत तिथे काही उजळत नाही. तापलेला वायू जिथे खरोखर खोल गुरुत्वीय खड्डा आहे, म्हणजे गुरुत्वाची ओढ फार जोरदार आहे, तिथेच साठतो. 2019 मध्ये सोडलेल्या ई-रोझिटा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातून निम्म्या आकाशात 1338 महासमूह निघाले, ते अशाच समूहांची साखळी जोडून.

तोटाही त्याच नियमात आहे. समूहाच्या कडेला घनता घटली की चमक एकदम कोसळते. तिथे आमच्या हाती शब्दशः मोजके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात, एकेक करून मोजलेले, आणि त्यातले किती पार्श्वभूमीचे हे ठरवण्यात महिने जातात.

इथे रेडिओ कामाला येतो. दोन समूह धडकले की वायूत धक्कालहरी उठतात, इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात आणि अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. हे इलेक्ट्रॉन साधारण 10 कोटी वर्षांत थंडावतात. वैश्विक हिशेबात हा काळ फार थोडा, त्यामुळे रेडिओ चमक दिसली म्हणजे तिथली ढवळाढवळ ताजी आहे. क्ष-किरण वायू कुठे आणि किती तापलाय ते सांगतात, रेडिओ तो नुकता कुठे हलवला गेला ते सांगतो.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण सरस्वती महासमूहातलं. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतल्या संशोधकांनी 2017 मध्ये जाहीर केलेला हा महासमूह सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. त्यातल्या झ्विकी 2341 या समूहाचा क्ष-किरणांतला वायू लांबट ताणलेला आहे, आणि पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या दोन रेडिओ कमानी त्याच्या विरुद्ध बाजूंना, बाहेरच्या अंगाला उभ्या आहेत. एका चित्रावर दुसरं चित्र ठेवलं की टक्कर कुठल्या दिशेने झाली ते डोळ्यांनीच कळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पडद्यासमोरून उठलो नव्हतो.

समूहांच्या आत हे ठीक जमतं. खरी अडचण समूहांमधल्या पुलांची, म्हणजे दोन समूहांना जोडणाऱ्या विरळ वायूच्या पट्ट्यांची. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने 2019 मध्ये एबेल 399 आणि 401 या दोन समूहांमध्ये रेडिओ पूल दाखवला. पुढे शॅपली महासमूहाच्या गाभ्यातही दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटसारख्या रेडिओ दुर्बिणींना तशी चमक सापडली. तिथल्या विरळ वायूत इलेक्ट्रॉनांना एवढा वेग कशाने मिळतो, यावर अजून वाद चालू आहे, आणि सध्या मी रोज त्याच प्रश्नात असतो.