वर्डपरफेक्ट लिनक्सवर: आधी कंट्रोल-एफ९ बदल

भाऊ, तुझ्या वडिलांनी हायकोर्टाच्या सगळ्या याचिका वर्डपरफेक्ट ५.१ या डॉसच्या काळातल्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये टाइप केल्यात म्हणालास, म्हणून आवर्जून लिहितो. ते काम जपण्यासारखं आहे.

डॉसबॉक्स इन्स्टॉल कर, त्यात जुने डॉसचे प्रोग्राम लिनक्सवर चालतात. वर्डपरफेक्टचा फोल्डर होम डिरेक्टरीत ठेव, डॉसबॉक्समध्ये माउंट ही आज्ञा देऊन त्याला सी ड्राइव्ह बनव, झालं. मूळ फायलींना हात लावू नको, कॉपीवरच काम कर.

आता खरी गोष्ट. वर्डपरफेक्टमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे मर्ज आणि सॉर्ट (मजकूर एकत्र करणं आणि क्रमाने लावणं). डॉसबॉक्समध्ये त्याच कळा दाबल्या की अख्खी खिडकी बंद, विचारपूस नाही! मे महिन्यातली गोष्ट, बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलरसमोर बसून मी दुपारभर टाइप केलेली अकरा पानं अशीच गेली. फार जिवाला लागलं. म्हणून पहिल्याच दिवशी कंट्रोल-एफ१ दाबून कीमॅपर (डॉसबॉक्सच्या कळा बदलायची खिडकी) उघड आणि बंद करायची कळ दुसरीकडे ने. शिवाय दर पानाला एफ१० दाबून सेव्ह करत जा.

फाइलचं नाव आठ अक्षरांत बसव, पुढे टिंब आणि तीन अक्षरं. नाव लांब असलं तर डॉसबॉक्सच्या आत ते तुटकं दिसतं.

प्रिंटसाठी नागपूरच्या बर्डीवर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शोधत फिरू नको. वर्डपरफेक्टमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवड, पोर्टच्या जागी फाइलचं नाव दे. ती फाइल लिनक्सवर पीडीएफ करता येते. नुसतं वाचायचं असेल तर लिबरऑफिस या फायली थेट उघडतं, पण समास आणि परिच्छेदांचे क्रमांक मूळ पानाशी ताडून बघ.