एमआरआयसाठी थांबायला नको होतं का?

प्रश्न : डॉक्टर, मी ऐरोलीहून लिहितेय. सासऱ्यांना बारा वर्षं शुगर आहे. जुलैत कळव्याला साचलेल्या पाण्यातून चालत आले, टाचेला आधीच भेग होती, तिसऱ्या दिवशी ताप आणि पोटरीपर्यंत सूज. एक्स-रे नॉर्मल, मग सीटी, आणि त्याच रात्री पोटरी उघडून ऑपरेशन. आता घरी आहेत, ड्रेसिंग चालूय. पण दीर सारखे म्हणतात, एमआरआयचं मशीन खालीच होतं, खात्री न करता पाय फाडला. घाई झाली का?

उत्तर : नाही हो ताई, मला तर उलट वाटतं, वेळेत उघडला म्हणून सासरे घरी आहेत. तुम्ही सांगताय त्यावरून हा नेक्रोटायझिंग फॅसायटिस दिसतो, म्हणजे चामडीच्या खाली स्नायूंवर जो पातळ पडदा असतो ना, त्याच्या कडेकडेने जंतू पसरत जातात आणि वरून कातडी नुसती लाल दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं एवढं काय झालंय. पेशंट मात्र दुखण्याने ओरडत असतो. आम्ही लालीच्या कडेने पेनाने रेघ मारतो, दोन तासांनी बघावं तर लाली रेघेच्या पुढे गेलेली.

एक्स-रे नॉर्मल आला त्याचं काही नाही. त्यात जंतूंनी मांसात तयार केलेल्या गॅसचे काळे बुडबुडे दिसले तर प्रश्नच मिटला, पण सगळ्यांना गॅस होतच नाही. २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तर एक्स-रेने शंभरातले साधारण ४९ पकडले आणि सीटीने ८८. म्हणजे सीटीलाही काही निसटतातच, सीटी साफ आला म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नसतं.

आता एमआरआय. फोटो सुंदर येतो, मान्य, पण आत झोपून अर्धा-पाऊण तास, आणि बीपी खाली चाललेल्या माणसाला त्या बोगद्यात सरकवायचं म्हणजे माझ्याच पोटात गोळा येतो. शिवाय साध्या सेल्युलायटिसमध्येही, म्हणजे कातडी आणि तिच्या खालच्या चरबीपुरत्या जंतुसंसर्गातही, त्या पडद्याशी पाणी चमकतं, त्यामुळे नसलेला आजारही दिसायला लागतो. सोनोग्राफी खाटेपाशी होते, पडद्यालगत पाणी दिसलं तर संशय वाढतो, पण करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून.

खरी खात्री ऑपरेशन थिएटरमध्येच होते. छोटा छेद दिला की निरोगी पडदा पांढरा, चकचकीत, चिवट असतो, सडलेला करडा पडतो, भांडी धुतल्यासारखं गढूळ पाणी येतं आणि बोट घातलं की थर आपोआप सुटत जातात. दिरांना जी खात्री हवी होती ती अशी बोटाने झालेली असणार, डिस्चार्ज कार्डसोबत ऑपरेशनची नोट मागून घ्या, त्यात लिहिलेलं असतं.

आणि ड्रेसिंगला जाल तेव्हा दुसऱ्या पायाची टाचही दाखवा, तिथेही भेग असणारच.