ग्रहांमुळे कलाकाराला खरंच काही सुचतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ग्रह-पत्रिकेतून एखाद्या कलाकाराला खरोखर काही सुचतं का, आणि तुमच्या पत्रिकेत शुक्र दुबळा आहे असं सांगितलं गेल्यावर व्हायोलिनचा क्लास चालू ठेवावा का. मी बरीच वर्षं व्हायोलिन वाजवतोय. माझं उत्तर दोन्हींना 'हो' आहे.

गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं उदाहरण घ्या. १९१३ साली स्पेनच्या मायोर्का बेटावर सुट्टीला गेला असताना एका मित्राने त्याला ज्योतिषाची गोडी लावली. मग तो ओळखीच्यांच्या पत्रिका मांडू लागला. १९१४ ते १९१६ मध्ये त्याने 'द प्लॅनेट्स' ही वाद्यवृंदासाठी सात भागांची रचना केली, एकेक भाग एकेका ग्रहाचा. त्यात पृथ्वी नाही. (आपल्या पत्रिकेत तरी ती कुठे असते?) रोमन देवतांशी या संगीताचा संबंध नाही, ते ग्रहांच्या ज्योतिषातल्या अर्थावरून सुचलंय, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

मंगळ पाच मात्रांत चालतो. सुरुवातीला व्हायोलिनवाल्यांनी गज उलटा करून लाकडाने तारा ठोकायच्या असतात. मी घरी करून पाहिलं. सूर असा निघतच नाही, नुसता कोरडा खडखडाट, आणि लाकूड तारेवरून उसळत राहतं. तोच आवाज अख्ख्या ताफ्यातून आला की अंगावर काटा येतो.

शनी तर मला फार जवळचा. माझ्या साडेसातीत घरात त्याचं नाव दबक्या आवाजात निघायचं, शनिवारी मारुतीला तेल चुकायचं नाही. होल्स्टचा शनी म्हातारपण घेऊन येतो. बासऱ्या आणि हार्प दोनच स्वरमेळ आलटून पालटून वाजवतात, लंबकासारखे. मग पावलं जड होत जातात, घंटांचा कल्लोळ उठतो आणि हळूहळू सगळं निवतं. सातांपैकी हाच भाग त्याचा सर्वात लाडका होता. तो ऐकल्यापासून माझी शनीची धास्ती गेली.

पण ग्रहांनी त्याला विषय दिला, रचना लिहून दिली नाही. लंडनच्या एका मुलींच्या शाळेत तो संगीत शिकवायचा, लिहायला वेळ मिळायचा तो रविवारी आणि सुट्टीत. उजव्या हाताच्या नसा इतक्या दुखायच्या की स्वरलिपीचा मोठा भाग त्याने सांगायचा आणि सहकारी शिक्षिकांनी उतरवायचा.

अध्यात्माची ओढ त्याला ज्योतिषाच्याही आधीपासून होती. ऋग्वेदातली सूक्तं स्वतः इंग्रजीत आणता यावीत म्हणून तो संस्कृत शिकला. १९०८ साली त्याने आपल्या वटपौर्णिमेच्या सावित्रीवर ऑपेरा रचला. त्यात पडद्याआडून बायकांचे शब्दाविना सूर येतात. काही वर्षांनी नेपच्यूनच्या शेवटीही तसेच सूर शेजारच्या खोलीतून येतात, आणि दार हळूहळू लोटून घेतलं जातं. ग्रहांचा विषय नवा होता, पण ते सूर त्याच्या मनात आधीपासून मुरत होते.

आता तुमचा शुक्र. होल्स्टचा शुक्र हॉर्न या पितळी वाद्याच्या चढत्या स्वरांनी उघडतो आणि पुढे एकट्या व्हायोलिनला एक ओळ मिळते. रात्री हेडफोन लावून तेवढी ऐका, मग जमेल तशी वाजवून बघा. पहिल्या पोझिशनमध्ये (म्हणजे डाव्या हाताच्या पहिल्या जागेवर) ती बसली नाही आणि तिसरी अजून झाली नसेल, तर पुढच्या क्लासला सरांकडून आधी तीच मागून घ्या.