बाटलीतले जिवाणू पोटात मुक्काम करतात का?

प्रश्न : मॅडम, माझं वय 52. तपासणीत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, 6.1 टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा, चालायला लागा. तेव्हापासून जेवणानंतर प्रोबायोटिक दुधाची स्ट्रॉबेरीच्या चवीची बाटली पितो. पोटात चांगले जिवाणू वाढले की साखर आपोआप खाली येते, असं वाचलं होतं. मुलगी म्हणते, त्यापेक्षा केफिर, म्हणजे खास दाणे घालून आंबवलेलं दूध, प्या. कोणाचं खरं?

उत्तर : मुलीचं ऐका. पण आधी ती बाटली फिरवून मागचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. पुढे कितीही कोटी जिवाणू छापलेले असोत, तुमच्या कामाची ओळ वरून घातलेल्या साखरेची. 100 मिलीला 10 ग्रॅम असेल, तर 200 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम झाली. रोज 2000 कॅलरी खाणाऱ्याने अशी साखर 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25च्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे साखर उतरवायला घेतलेल्या बाटलीनेच बराचसा वाटा खाल्ला! दुधातल्या मूळच्या लॅक्टोज या साखरेची एवढी धास्ती नको. आंबताना जिवाणू त्यातला काही भाग स्वतःच फस्त करतात.

आता केफिर. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. दह्याचा ठिपका काचपट्टीवर पसरून रंग दिला की सूक्ष्मदर्शकात जांभळी दोनच मंडळी दिसत : स्ट्रेप्टोकॉकसच्या गोल पेशींच्या माळा आणि लॅक्टोबॅसिलसच्या काड्या. केफिरच्या काचपट्टीवर मात्र मुलं हमखास गोंधळत. काड्या, गोल पेशी आणि त्यांच्या मध्ये केवढ्या तरी मोठ्या, अंडाकृती यीस्टच्या पेशी, काहींना बाजूला कळी फुटलेली. केफिरचे दाणे फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे दिसतात. चिमटीत धरले तर लिबलिबीत, पण सहजी न तुटणारे. केफिरन नावाच्या चिकट बहुशर्करेत हे सगळे जीव गुंतलेले असतात.

तेव्हा जिवाणूंचे प्रकार केफिरमध्ये जास्त, हे खरं. पण त्यातले बहुतेक तुमच्या आतड्यात वस्तीला राहत नाहीत. 2011च्या एका अभ्यासात जुळ्या बहिणींच्या सात जोड्यांना आंबवलेलं दूध दिलं, तरी त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडण फारशी हलली नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या 2018च्या संशोधनात प्रोबायोटिक जिवाणू काहींच्या आतड्यात टिकले, काहींच्यात त्यांना थाराच मिळाला नाही. जे आधीपासून आत आहेत त्यांना लागतो चोथा : डाळी, भाज्या, अख्खी धान्यं. तो आंबवून ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं तयार करतात. या आम्लांमुळे जीएलपी-1 हे संप्रेरक स्रवायला मदत होते आणि ते इन्सुलिनला हात देतं, भूकही आवरतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2021च्या प्रयोगाचा फार गाजावाजा झाला. 36 निरोगी प्रौढ होते. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात 10 आठवड्यांत जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी निगडित 19 प्रथिनं घटली. उत्तमच. पण ही माणसं दिवसाकाठी सरासरी सहा वेळचं आंबवलेलं खात होती, एक बाटली नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च 2024मध्ये, आठवड्याला दोन कप दह्याने टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं डब्यावर छापू दिलं. तेही 'पुरावा मर्यादित' अशी पुस्ती जोडून. आणि धोका कमी होणं वेगळं, चढलेली साखर उतरणं वेगळं.

म्हणून बिनसाखरेचं केफिर घ्या, पण त्या बाटलीच्या जागी, दोन्ही नकोत. पहिला आठवडा अर्धा पेलाच, नाहीतर पोट गुबारेल. चालणं सोडू नका. एचबीए1सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याआधी नीट फरक कळत नाही.

प्रश्न : फ्रिजमधली केफिरची बाटली फुगली आहे. टाकून देऊ? आणि त्यात दारू असते का?

उत्तर : यीस्ट थंडीतही हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं, त्याने बाटली फुगते. झाकण मोरीत धरून सावकाश उघडा. अल्कोहोल अगदी थोडं असतं, पण असतं. वर्ज्य असेल तर दही बरं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी लावलेलं केफिर घेऊ नये. बुरशीचा हिरवा किंवा गुलाबी ठिपका दिसला, तर वरचं काढून खालचं पिऊ नका, सगळं ओतून द्या.