मर्फींची भावकी

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात औषध कंपनीत नोकरीला आहे. त्याचा घरमालक मर्फी, ऑफिसातला साहेब मर्फी, नातवाच्या शाळेतल्या बाई मर्फी आणि ज्याच्याकडं मटण घेतो तो दुकानदारही मर्फी. मुलानं घरमालकाला विचारलं, ‘हे सगळे तुमचे पाव्हणे का?’ तर ते नुसते हसले. आपल्याकडं पाटील असतात तसलाच हा प्रकार, की सगळ्यांची भावकी एकच?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हसणारच ते. जिल्हा परिषदेच्या दारात उभं राहून ‘सगळे पाटील तुमचेच का?’ म्हणून कुणी विचारलं तर तुम्ही तरी काय करणार?

मर्फी हे आयर्लंडातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आणि कॉर्क हे त्यांचं आगार. १८९० सालच्या जन्मनोंदी घेऊन रॉबर्ट मॅथेसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं आडनावांचा हिशोब मांडला होता. त्यात मर्फी पहिले, अंदाजे ६२,६००. त्यांच्या मागं केली, ५५,९००. मग सुलिव्हन आणि वॉल्श. आजही तिथल्या बाळांच्या नोंदीत मर्फीच वर असतात. कॉर्कखालोखाल त्यांची दाट वस्ती वेक्सफर्ड, केरी आणि डब्लिनला. उत्तरेकडं आर्मा भागातही पुष्कळ.

आता पाटलांचं. पाटील हा हुद्दा. गावची पाटीलकी ज्याच्या घरात, तो पाटील. मग तो मराठा असो, जैन असो, लिंगायत असो. शिरोळच्या एस.टी. स्टँडवर एका बाकावर बसलेले तीन पाटील एकमेकांचे कुणीही नसू शकतात. मर्फीमध्ये हुद्दा नाही, माणूस आहे. ‘मुरखा’ नावाचा कुणी पूर्वज. त्याच्या वंशातला तो ‘ओ मुरखू’. समुद्रावरचा लढवय्या असा त्या नावाचा अर्थ लावतात. आपल्याकडं मोऱ्यांचे ते मोरे, तसं. वंशपरंपरेनं चालणारी आडनावं तिकडं दहाव्या-अकराव्या शतकातच रुळायला लागली. युरोपात इतक्या लवकर ती फार थोड्या मुलखांत आली.

पण पूर्वज माणूस असला म्हणजे भावकी एक झाली, असं समजू नका. मुरखा हे त्या काळी घरोघरी ठेवलं जाणारं नाव होतं. ब्रायन बोरू हा त्यांचा मोठा राजा. १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत तो पडला, त्याच लढाईत त्याचा थोरला मुलगाही पडला. त्याचं नाव मुरखाच. लेन्स्टर या पूर्वेकडच्या राज्याच्या राजघराण्यातही मुरखा. त्यामुळं वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या मुरखांच्या नावानं घराणी उभी राहिली. आग्नेयेला वेक्सफर्डच्या किनाऱ्याजवळचे एक, उत्तरेला टिरोन-आर्मा भागातले दुसरे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमच्या मुलाच्या कॉर्कमधले मर्फी मस्करी नावाच्या पट्ट्यातले, आणि ते वेक्सफर्डहून फुटून तिकडं गेले असं मानलं जातं. म्हणजे घरमालक आणि मटणवाला यांचं कुठंतरी हजार वर्षांपूर्वी जुळत असेलही. पण सुतक पाळण्याइतकं नाही.

वेक्सफर्डचा विषय निघाला म्हणून एका माणसाबद्दल सांगतो. डर्मट मॅक मुरखा, लेन्स्टरचा राजा. ११६६ मध्ये त्याच्या शत्रूंनी त्याला राज्यातून हाकलला. हा उठला, समुद्र ओलांडून इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडं गेला आणि त्याच्या परवानगीनं नॉर्मन सरदार घेऊन आला. ११६९ ला त्यांची पहिली तुकडी वेक्सफर्डच्या बॅनो खाडीत उतरली. पुढच्या वर्षी त्यांचा बडा सरदार स्ट्राँगबो आला. त्याला डर्मटनं आपली मुलगी दिली, ईफा तिचं नाव. ११७१ मध्ये डर्मट मेला. पाहुणे मात्र राहिले, साडेसातशे वर्षं. भाऊबंदकीत बाहेरची फौज बोलवायचं काय फळ मिळतं, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको. गंमत अशी की डर्मटचे खरे वंशज आज मर्फी लावत नाहीत. त्याच्या एका मुलाचं टोपणनाव कॅव्हना होतं, दुसऱ्याचं किन्सेला. त्यांच्या वंशजांनी तीच आडनावं केली. वेक्सफर्डचे मर्फी हे त्याच मोठ्या गोतातली निराळी फांदी. तेव्हा घरमालकाला फितुराच्या वंशातला समजून भाडं कमी करून मागू नये.

‘ओ मुरखू’चा मर्फी झाला तो इंग्रजी दप्तरात. आयरिश भाषा न येणाऱ्या कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलं. १४६५ चा एक कायदा तर मला फार आवडतो. डब्लिनच्या आसपासच्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या चार परगण्यांतल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत, असा हुकूम. कसली? तर एखाद्या गावाचं, रंगाचं, कसबाचं किंवा हुद्द्याचं. कागलकर, काळे, सुतार, देसाई! आपल्याकडं जे आपोआप झालं ते तिथं सरकारनं वरून सांगितलं. मर्फी या कायद्याच्या टापूबाहेरचे, म्हणून त्यांचा पूर्वज आडनावात टिकला. पुढं सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी अंमल घट्ट झाला तसे आडनावाआधीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले. १८९३ ला गेलिक लीग ही आयरिश भाषेसाठीची संघटना निघाली, भाषेचा अभिमान जागा झाला, आणि कितीतरी सुलिव्हन पुन्हा ओसुलिव्हन झाले, कॉनेल ओकॉनेल झाले. मर्फींनी काही ‘ओ’ परत लावला नाही. ओमर्फी तुम्हाला क्वचितच सापडेल.

आयरिशमध्ये लिहिताना मात्र जुनं वळण शाबूत आहे. बाप ओ मुरखू, पण मुलगी ‘नी वुरखू’ आणि बायको ‘ई वुरखू’. बाई माहेरची की सासरची, हे आडनाव वाचताच कळतं. नातवाच्या शाळेतल्या बाईंची आयरिशमधली सही मिळाली तर बघा. कुंकू-मंगळसूत्राकडं न बघता कळेल.

प्रश्न : त्याच घरमालकांना आपलं मूळ गाव शोधायचंय. ‘आमचे कागद जळाले’ म्हणतात. आपल्याकडं हेळवी येऊन वंशावळ वाचतो, तसं तिकडं काही आहे का?
– तेच वाचक

उत्तर : होतं. करवीर तालुक्यात आमच्या गावी सुगी संपली की हेळवी यायचा. सजवलेला बैल, गळ्यात घंटा, बैलावर हा बसलेला. सोप्यात घोंगडं टाकून दिलं की चोपडी उघडायची आणि खापरपणजाच्याही पलीकडची नावं एका दमात वाचायची. मध्ये थांबायचा तो फक्त सुपातल्या जोंधळ्याकडं बघायला. कोण कुठल्या गावाहून आलं, कोण निपुत्रिक गेलं, दत्तक कुणाच्या घरातून घेतला, सगळं त्यात. थोरल्या घरानं धाकट्याला काय वाटा दिला हे त्यानं मोठ्यानं वाचलं की आमच्या चुलत्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

आयर्लंडात हे काम काही ठरावीक विद्वान घराण्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. मॅक फिर्बिस हे त्यातलं नावाजलेलं, पश्चिमेकडच्या स्लायगोचं. त्या घराण्यातल्या डुअल्टाखनं १६५० च्या सुमारास गॉलवेला बसून सगळ्या देशाच्या वंशावळींचा थोर ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजा देश तुडवत असताना हा माणूस कोण कुणाचा मुलगा ते लिहीत बसला होता. जुनी सरदार घराणी मोडली, तसा या लोकांना पोसणारा कुणी उरला नाही आणि परंपराच बंद पडली.

कागद जळाले, हेही खरं. ३० जून १९२२, त्यांच्या यादवी युद्धाची सुरुवात. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीच्या आवारातला सरकारी दप्तरखाना उडाला. कित्येक शतकांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीतलं बहुतेक सगळं त्यातच. पण सगळा दोष आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या गणतीचे कागद सरकारनं आधीच हुकूम काढून नष्ट केले होते, आणि १८८१-९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी रुमालांवरची धूळ झटकताना मला या कारकुनांची आठवण येते. चांगल्या अर्थानं नाही.

उरल्या १९०१ आणि १९११ च्या गणत्या. त्या दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, मूळ फॉर्मच्या छायाचित्रांसकट. कुटुंबप्रमुखानं बहुधा स्वतःच्या हातानं भरलेला फॉर्म : कोण वाचू शकतो, कोण फक्त आयरिश बोलतो, धंदा काय. १९११ ला तर लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही विचारलंय. त्या दोन रकान्यांतला फरक बघितला की पुढचं वाचवत नाही. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्ध चालू असल्यानं गणती झालीच नाही. म्हणून पुढची १९२६ ची, आणि तिथं शंभर वर्षं कागद बंद ठेवायचा नियम असल्यानं ती खुली होण्याचं साल २०२६. १९०१ च्या मागं जायचं तर ‘ग्रिफिथ व्हॅल्युएशन’, म्हणजे १८४७ ते १८६४ मधली जमीन-घरांची कर आकारणी. खातेदाराचं नाव तेवढं मिळतं, बायकापोरांचं नाही. आपल्या खातेवहीसारखंच.

घरमालकांना एकच सांगा : कॉर्कमध्ये ‘पॅट्रिक मर्फी’ असं शोधायला जाऊ नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिकडंही होती, थोरल्याला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. त्यामुळं एकाच शिवारात चार चुलतभाऊ, चौघेही पॅट्रिक मर्फी. आधी टाउनलँड शोधायचं, म्हणजे वाडीसारखा लहान जमिनीचा तुकडा. असे साठ हजारांवर आहेत. वाडीचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जुन्या थडग्यावर बघा, परदेशातून आलेल्या पत्रांवर बघा. आणि घराचं टोपणनाव विचारा. एका आडनावाची घरं फार झाली की लोक नावापुढं बापाचं आणि आजाचं नाव लावून हाक मारतात, नाहीतर ‘लाल केसांचे’, ‘माळावरचे’ असं काहीतरी चिकटवतात. टिपरेरीत रायन इतके आहेत की टोपणनावाशिवाय पत्ता लागत नाही. तुमच्या गावात मळ्यातले पाटील आणि वाड्यातले पाटील आहेतच की.

प्रश्न : सर, अर्जेंटिनात मर्फी नावाचं गाव आहे हे खरं का? तालमीत पैज लागलीय.
– एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ

उत्तर : खरं आहे, पैज वसूल करा. सांता फे प्रांतात आहे. मॉरिसिओ पोचेटिनो, अर्जेंटिनाचा जुना बचावपटू आणि नंतर टॉटनहॅम, पॅरिस, चेल्सीचा प्रशिक्षक, त्याचा जन्म १९७२ साली याच मर्फी गावातला. आडनाव इटालियन, गाव आयरिश, जर्सी आकाशी-पांढरी.

वेक्सफर्डमधल्या किलरेन भागातला जॉन जेम्स मर्फी १८४४ मध्ये जहाजानं तिकडं गेला. मेंढपाळीतून वर आला, हजारो एकर जमीन केली, आणि त्या जमिनीवर वसलेल्या गावाला त्याचं आडनाव मिळालं. वेक्सफर्ड आणि वेस्टमीथहून अर्जेंटिनाला जाणाऱ्यांची एक रांगच होती. तो निघाला तेव्हा दुष्काळ पडला नव्हता, हे लक्षात घ्या. तो पोटासाठी नव्हे, बरकतीसाठी गेला.

पुढच्याच वर्षी बटाट्यावर करपा पडला. टोमॅटो करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला जो उशिराचा करपा माहीत आहे, तोच. १८४५ ते १८५२ मध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. धान्य त्या काळातही बंदरांतून इंग्लंडला जात होतं. १८४१ ला एक्क्याऐंशी लाखांवर असलेली लोकसंख्या १९०१ ला पंचेचाळीस लाखांच्या आत आली. म्हणून आज मर्फी बघायचे तर आयर्लंडच्या बाहेर बघायचे : २०१० च्या अमेरिकेच्या जनगणनेत तीन लाखांहून जास्त मर्फी होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला तर दुष्काळाच्या आधीपासून आहेत. वेक्सफर्ड-वॉटरफर्डची माणसं कॉड मासेमारीच्या हंगामाला जायची, त्यातली बरीच तिथंच राहिली. आणि अमेरिकेतला प्रत्येक मर्फी आयरिश रक्ताचा, असंही नाही. विनोदी नट एडी मर्फीला पाहिलंय ना? आडनाव जहाजातून उतरलं की कुणाच्याही घरात शिरतं.

तालमीत आणखी एक पैज लावायची असेल तर : २०२४ ला सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर घेणारा किलियन मर्फी कुठला? कॉर्कचा.

प्रश्न : आमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा मर्फी रेडिओ आहे. ती आयरिश कंपनी होती का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही ताई, इंग्लंडची. फ्रँक मर्फी नावाच्या इंजिनिअरनं १९२९ साली ई. जे. पॉवर या भागीदाराबरोबर वेल्विन गार्डन सिटीत काढली, आणि १९३७ मध्ये स्वतःच सोडून गेला. नाव मात्र मागं राहिलं. आपल्याकडं ती बोट गालावर ठेवलेल्या बाळामुळं ठाऊक. भंगारवाल्याला देऊ नका. आतले व्हॉल्व्ह शाबूत असतील तर मागची पाठ उघडून एक फोटो पाठवा, आणि प्लगला मात्र आधी हात लावू नका.