घरच्या ग्राफिक्स कार्डावर क्रिप्टो मायनिंग कसं सुरू करायचं? पुण्यात ते परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की सिंहगड रोडला राहता, गेमिंगसाठी घेतलेला आरटीएक्स 3060 चा पीसी दिवसभर नुसता पडून असतो, आणि ओएलएक्सवर तसलीच आणखी दोन जुनी कार्डं हेरून ठेवली आहेत. सुरुवात कशी करू आणि महिन्याला किती सुटतील, असे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचा त्या कार्डांसाठी आगाऊ पैसे देण्याचा बेत तरी थांबेल. सुटत काही नाही, उलट पदरचे जातील. जुनी कार्डं घेऊ नका. असलेल्या कार्डावर आठवडाभर चालवून बघायचं असेल तर खुशाल बघा, त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. इथेरियम या नाण्याच्या मायनिंगच्या काळात मी वारज्यात घरीच चार कार्डांची रिग, म्हणजे मायनिंगचं मशीन, चालवलेली आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही.

मायनिंग म्हणजे क्रिप्टो नाण्याच्या व्यवहारांची नोंद पक्की करायला संगणकाने सतत गणितं सोडवायची आणि बदल्यात नवी नाणी मिळवायची. आता आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ग्राफिक्स कार्डावर बिटकॉइन निघत नाही. 2013 पासून त्यासाठी खास एएसिक मशीन, म्हणजे तेवढं एकच गणित करणारी यंत्रं, आली आणि तिथे कार्डं हजारो पटींनी मागे पडली. कार्डवाल्यांचं खरं दुकान होतं इथेरियम. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने ‘मर्ज’ केलं, म्हणजे मायनिंगची पद्धतच बंद करून स्टेकिंगवर, म्हणजे नाणी अडकवून ठेवून व्यवहार तपासण्याच्या पद्धतीवर, गेलं, आणि ते दुकान एका दिवसात उठलं. जगभरातली कार्डं मग रेव्हनकॉइन, अर्गो, इथेरियम क्लासिक अशा छोट्या नाण्यांवर तुटून पडली. या नाण्यांत ठरावीक वेळात ठरावीकच नाणी निघतात. मायनिंग करणारे वाढले की डिफिकल्टी, म्हणजे गणिताची काठिण्यपातळी, वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. कास्पा हे नाणं आलं तेव्हा थोडे दिवस बरे गेले, पण 2023 मध्ये त्याचेही एएसिक निघाले.

याचा अर्थ असा की तुमची स्पर्धा शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाशी नाही. ज्याला जवळजवळ फुकट वीज मिळते अशा कुठल्यातरी देशातल्या माणसाशी आहे. त्याला परवडतंय तोवर तो चालू ठेवणार आणि डिफिकल्टी त्याच्या हिशोबाने ठरणार. आता त्याच्यासमोर आपलं एमएसईबीचं बिल ठेवून बघू.

2024-25 चं दरपत्रक धरतो, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे टाकून पुन्हा करा. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटला 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11.46, 301 ते 500 ला 15.72, आणि 500 च्या वर 17.81. वर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन सोडूनच देतो. बहुतेक जण बिलाची रक्कम भागिले युनिट करून ‘आपल्याला नऊ रुपयांनी पडते’ म्हणतात आणि तिथेच गंडतात. मायनिंगची युनिटं सरासरी दराने पडत नाहीत. घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणजे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातली असतात.

तुमचं 3060 पूर्ण ताकदीने 170 वॉट खातं. पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणलं तर 120 च्या आसपास. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखे आणि पॉवर सप्लायमध्ये वाया जाणारं धरून भिंतीतून साधारण 200 वॉट जातात. रात्रंदिवस चालवलं तर दिवसाला 4.8 युनिट, महिन्याला 144. घरचा वापर 200 युनिट असेल तर यातली 100 युनिटं 11.46 ने आणि 44 युनिटं 15.72 ने. शुल्कासकट 2,100 रुपयांच्या थोडं वर. हे एका कार्डाचं. त्यात आणखी दोन घातली, प्रत्येकी 130 वॉट, तर आणखी 187 युनिट. यात महिन्याचा वापर 500 च्या पलीकडे जातो, त्यामुळे या दोघांचे साडेतीन हजार वेगळे. एकूण 5,600.

आता मिळकत. मर्जनंतर या दर्जाच्या कार्डाची दिवसाची कमाई बहुतेक काळ अर्ध्या डॉलरच्या आतच राहिली आहे. आपण तुमच्या बाजूने झुकतं माप देऊन पूर्ण अर्धा डॉलर धरू, आणि डॉलर 85 रुपयांना. महिन्याचे 1,275. तीन कार्डांचे 3,825. बिल 5,600. कार्डांची किंमत, खराब होणारे पंखे, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. आजचा आकडा बघायचा असेल तर व्हॉटटूमाइन साइटवर कार्ड निवडा, विजेचा दर आपला टाका. तिथे डॉलरमध्ये 0.10 आधीच भरलेला असतो, तो तसाच ठेवून ‘प्रॉफिट’ बघणारे खूप जण भेटतात.

सोलरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी हमखास विचारणार, म्हणून सांगतो. छतावर सोलर आहे म्हणून वीज फुकट, हे खरं नाही. नेट मीटरिंगमध्ये ग्रिडला दिलेलं प्रत्येक युनिट तुमच्या बिलातून वजा होतं. ते मायनिंगला घातलं की तेवढी वजावट गेली. मार्चअखेर शिल्लक राहणारी युनिटं मात्र महावितरण अगदी कमी दराने घेतं. दरवर्षी शिल्लक उरत असेल तर तेवढ्यापुरता हिशोब बदलतो. पीजी किंवा भाड्याच्या खोलीत ‘लाइट बिल भाड्यातच’ असेल तर तिथे रिग लावणं ही सरळ दुसऱ्याच्या खिशातून केलेली चोरी आहे, त्यावर मी सल्ला देत नाही.

एवढं होऊनही करून बघायचंय? मग असं करा.

सगळ्यात आधी भिंतीच्या सॉकेटला लावायचं वॉटमीटर घ्या. तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं. सॉफ्टवेअर फक्त कार्डाचे वॉट दाखवतं, मीटरमधून जातात ते दाखवत नाही. मग वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं ॲप. रेव्हनकॉइन घेतलंत तर त्याचं अधिकृत वॉलेट उतरवा, सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट परत मिळवायच्या किल्लीचे, शब्द कागदावर लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका. मग पूल निवडा. एकट्याने ब्लॉक, म्हणजे ज्यावर बक्षीस मिळतं तो व्यवहारांचा गठ्ठा, सापडायला फार वाट बघावी लागते, म्हणून सगळे मिळून काम करतात आणि कामाच्या प्रमाणात वाटून घेतात. पूलच्या साइटवर किमान पेआउट किती आहे ते आधी वाचा, नाहीतर आठवड्याची कमाई तिथेच अडकून पडेल.

मायनर सॉफ्टवेअर म्हणजे एक छोटा प्रोग्राम. टी-रेक्स, जीमायनर वगैरे. त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्या, यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंकवरून कधीही नाही. विंडोज डिफेंडर याला व्हायरस समजून उडवतो, म्हणून सगळे शिकवतात की फोल्डरला सूट द्या. पण सूट दिलेल्या फोल्डरमध्ये खराखुरा व्हायरस आला तर तोही सुखाने नांदतो. शक्य असेल तर वेगळ्या एसएसडीवर हाइव्ह ओएस ही मायनिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालवा. ज्या विंडोजवर तुमचं नेटबँकिंग आहे तिथे हे नको. विंडोजवरच करणार असाल तर मायनर सुरू करणाऱ्या बॅट फाइलमध्ये एकच ओळ असते: अल्गोरिदमचं नाव, पूलचा पत्ता आणि पोर्ट, तुमचा वॉलेट पत्ता, त्याला टिंब जोडून मशीनचं नाव. रेव्हनकॉइनचा पत्ता ‘आर’ने सुरू होतो, तेवढं तपासा. काळी खिडकी उघडते, आधी डॅग, म्हणजे गणिताला लागणारा मोठा डेटा, कार्डाच्या मेमरीत तयार होतो, मग हॅशरेट, म्हणजे गणितं सोडवण्याचा वेग, दिसायला लागतो. पहिला शेअर, म्हणजे पूलला पाठवलेला कामाचा पुरावा, ‘ॲक्सेप्टेड’ म्हणून आला की कोणालाही बरं वाटतंच.

त्यानंतर आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाची पॉवर आणि क्लॉक बदलायचं सॉफ्टवेअर, उघडा, आणि इथेच खरी मजा आहे. पॉवर लिमिट पाच-पाच टक्क्यांनी खाली आणत जा, दर वेळी वॉटमीटर आणि हॅशरेट दोन्ही वहीत लिहा. इथेरियमला मेमरीच महत्त्वाची होती, त्यामुळे कोअर कितीही दाबला तरी फारसं बिघडत नसे. रेव्हनकॉइनचा कॉपॉ अल्गोरिदम कोअरही वापरतो, पॉवर कमी केली की हॅशरेटही उतरतो. दर वॉटमागे सगळ्यात जास्त हॅश कुठे मिळतो तो बिंदू तुम्हालाच शोधायचा आहे. मेमरी क्लॉक फार ताणलात तर हॅशरेट दिसायला झकास आणि पूलवर शेअर ‘इनव्हॅलिड’. खरा आकडा पूलच्या पानावरचा, खिडकीतला नव्हे.

एकाहून जास्त कार्डं लावणाऱ्यांसाठी एक इशारा, तुम्ही नाही तर तुमचा कोणी मित्र लावेल. जास्तीची कार्डं रायझरवर, म्हणजे मदरबोर्डापासून लांब कार्ड जोडायच्या पट्टीवर, बसतात आणि स्वस्त रायझरसोबत साटा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, कनेक्टरची वायर येते. साटाच्या 12 व्होल्टच्या पिना 4.5 अँपियरच्या, म्हणजे 54 वॉटच्या. कार्ड स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत ओढू शकतं. तो काळा कनेक्टर आधी पिवळट, मग मऊ होतो, आणि जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. रायझरला पॉवर सप्लायची सहा पिनांची पीसीआय-ई वायरच द्या. आणि संपूर्ण रिग चहाच्या टेबलाशेजारच्या पाच अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. पंधरा अँपियरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं.

उष्णतेचंही तसंच. खाल्लेले सगळे वॉट शेवटी खोलीतच येतात. जानेवारीत ठीक. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खिडकी उघडी ठेवली तर धूळ, बंद ठेवली तर भट्टी. एसी लावलात तर वरचा सगळा हिशोब फाडून टाका.

कराचं बघू. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या उत्पन्नावर सरसकट 30 टक्के कर, वर 4 टक्के सेस. खरेदीची किंमत सोडून काही वजा होत नाही, आणि मायनिंगमध्ये खरेदी किंमत असतेच कुठे? मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी किंमत मानला जाणार नाही, हे सरकारने मार्च 2022 मध्ये संसदेतच स्पष्ट केलं. म्हणजे बिलात दोन हजार घातले आणि हजाराची नाणी विकली, तरी त्या हजारावर कर आहेच. 1 जुलै 2022 पासून एक टक्का टीडीएसही आहे. तोटा दुसऱ्या कुठल्या उत्पन्नाशी वळता करता येत नाही. रिटर्नमध्ये याचं स्वतंत्र शेड्यूल असतं, त्यामुळे पेआउटची तारीख आणि त्या दिवशीचा भाव लिहून ठेवा. विकताना सरकारच्या एफआययूकडे (आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदलेल्या एक्स्चेंजवरच विका. टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला दोन रुपये जास्त मिळतात म्हणून यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, विकलंत, आणि त्याने पाठवलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले, तर तुमचं खातं गोठतं. मग सायबर पोलिसांकडे खेपा तुम्ही घालायच्या.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की हिंजवडीतला एक मित्र ‘क्लाउड मायनिंग’ सुचवतोय. मशीन कंपनीची, पैसे आपले, दरमहा ठरलेला परतावा. पुण्यात राहून हे विचारताय म्हणून आठवण करून देतो. गेनबिटकॉइन नावाची योजना अगदी हेच सांगायची: महिन्याला 10 टक्के, 18 महिने. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्यात गुन्हा दाखल केला. पुढे त्याच तपासात तज्ज्ञ म्हणून मदतीला घेतलेल्या दोघांनाच, जप्त केलेली क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून, 2022 मध्ये अटक झाली. ज्या धंद्यात दर आठवड्याला डिफिकल्टी आणि भाव दोन्ही हलतात, तिथे ठरलेला परतावा कोण कुठून देणार? मित्राला एवढंच विचारा की मशीन कोणत्या गावात आहेत, त्यांचं लाइट बिल दाखवता येईल का, आणि नाणी थेट तुमच्या वॉलेटवर येतील की त्यांच्या ॲपमध्ये नुसता आकडा दिसेल.