मोडेमचा आवाज बंद करू नकोस

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या जुन्या बाजारात तुला ३३.६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिट पाठवणारा मोडेम चालू स्थितीत मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. संगणकातली माहिती आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारी ही डबी. तो फळीवर शोभेसाठी ठेवावा की चालवून पाहावा, असे तू विचारले आहेस. चालवूनच पाहा, कारण त्या डबीतले जे मोलाचे आहे ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पुढे ते पुण्यातही आले. परंतु मी तेव्हा साताऱ्यात राहत होतो आणि पुण्याचा क्रमांक लावणे म्हणजे एसटीडी कॉल होता. रात्री अकरानंतर दर पाव होत असे, म्हणून दिवसभर पत्रे लिहून तयार ठेवायची आणि अकरा वाजले की मोडेम लावायचा, असा आमचा क्रम होता. खाते शेलचे, म्हणजे फक्त अक्षरांतून आज्ञा देण्याचे असल्यामुळे चित्रे दिसत नसत. पाइन या प्रोग्रॅममध्ये ईमेलची पत्रे आणि लिंक्स या ब्राउझरमध्ये वेबची पाने, तीही काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. त्या दिवसांची मला आजही मनापासून ओढ वाटते, आणि ती केवळ माझ्या तरुणपणाची ओढ नाही. दोन यंत्रे एकमेकांशी कशी जुळवून घेतात हे तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ऐकू येत असे.

तो आवाज नीट ऐक. क्रमांक लागल्यावर पलीकडचा मोडेम २१०० हर्ट्झचा एक लांब सूर धरतो आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची कला (फेज), म्हणजे लहरीचा चढउतार, उलटवतो. माणसांच्या बोलण्यासाठी टेलिफोनच्या जाळ्यात प्रतिध्वनी दाबणारी जी यंत्रणा असते, ती या खुणेने बाजूला होते. त्यानंतर दोघे सेकंदाला ३०० बिट इतक्या सावकाश गतीने आपापल्याला काय काय येते हे सांगतात. मग वेगवेगळ्या उंचीचे अनेक सूर एकदम सोडले जातात आणि तार कोणता सूर किती क्षीण करते हे मोजले जाते; शेवटची ती लांब खरखर म्हणजे त्या मोजणीवरून दोघांनी स्वतःला दिलेले वळण. एवढे झाल्यावरच गती ठरते आणि स्पीकर गप्प होतो. मला १४.४ केबीपीएसच्या मोडेमवर बऱ्याचदा सेकंदाला ९६०० बिटांवर समाधान मानावे लागे, कारण पावसाळ्यात तारेच्या जोडांत पाणी शिरत असे. पण जोडणी टिकत असे. न पेलणाऱ्या गतीचा हट्ट धरण्यापेक्षा ही तडजोड मला तेव्हाही शहाणपणाची वाटली आणि आजही वाटते.

३३.६ हा आकडा कुठून आला हेही समजून घे. टेलिफोनची वाहिनी माणसाच्या बोलण्यापुरती, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, आणि तिच्यात थोडा गोंगाट असायचाच. अशा वाहिनीतून किती माहिती बिनचूक जाऊ शकते याचे गणित अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्येच मांडले होते. चांगल्या तारेसाठी ते उत्तर सेकंदाला ३५,००० बिटांच्या आसपास येते. म्हणजे तुझ्या हातातले यंत्र त्या सीमेला जवळजवळ टेकलेले आहे, आणि ते घडवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला अतोनात आदर आहे. पुढचा ५६ केबीपीएसचा मोडेम ही सीमा मोडत नाही. पलीकडचे टोक थेट डिजिटल एक्सचेंजला जोडलेले असते, म्हणून माहिती आपल्याकडे येण्याच्या दिशेला आवाजाचे आकड्यांत रूपांतर करताना होणारा एक गोंगाट वाचतो, एवढेच.

तू खेड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी अ‍ॅप लिहितो आहेस, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. रात्री दीडला, फाइल नव्वद टक्के उतरलेली असताना जोडणी तुटण्याचा अनुभव मी पुष्कळदा घेतला आहे. १९७७ च्या एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीत १२८ बाइटांचा एकेक तुकडा तपासून पाठवला जाई, पण तुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. १९८६ च्या झेडमोडेमने जिथे तुटले तिथून पुढे चालू करण्याची सोय दिली आणि आमच्या रात्री वाचल्या. तुझ्या अ‍ॅपमध्ये फोटो पाठवताना जोडणी तुटली तर काय होते, हे तू मागच्या पत्रात लिहिले नव्हतेस. तुझ्या फोनवरचा ५ एमबीचा एक फोटो या मोडेमवरून पाठवायला सुमारे २१ मिनिटे लागतील. एकदा तेवढा वेळ त्याच्यासमोर बसून राहा आणि मग ठरव की नोंदीची अक्षरे आधी जावीत की चित्र.

आता प्रत्यक्ष कामाचे. घरातला फायबरचा लँडलाइन यासाठी वापरू नकोस, कारण तिथे आवाज पॅकेटांत, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांत, चिरला जातो आणि पॅकेट उशिरा आले किंवा गळाले की मोडेमांची जुळणी बिघडते. त्यापेक्षा असाच दुसरा मोडेम शोध आणि दोन्ही साध्या टेलिफोनच्या वायरीने थेट जोड. वायरीत डायल टोन नसेल, म्हणून एका बाजूला ‘एटीएक्स३डी’ (टोनची वाट न पाहता क्रमांक लाव) ही आज्ञा दे आणि लगेच दुसऱ्या बाजूला ‘एटीए’ (उत्तर दे). काही मोडेमांना तारेत थोडा विद्युतप्रवाह लागतो. तसे असेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रवाह मर्यादेत ठेवणारा एक रोधक (रेझिस्टर) मध्ये घालावा लागेल, ती जोडणी मी चित्र काढून पाठवीन. आवाज बंद करणारी ‘एटीएम०’ ही आज्ञा मात्र देऊ नकोस.

जुळणी झाल्यावर पडद्यावर ‘कनेक्ट’ या शब्दापुढे जो आकडा उमटेल, तो मला कळव. ३३,६०० आला नाही तर वायर बदलून पुन्हा पाहा, आणि दोन्ही वेळचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेव. पुढच्या पत्रात आपण तो तुकड्यातुकड्याने वाचू.

कळावे, लोभ असावा.